मुलांचे कपाट पुढे कलते : तक्रार आणि मागणी

दांडिया बाजार, बडोदे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
बालफर्निचर विभाग

विषय : मुलांच्या चार ड्रॉवरच्या कपाटातील चुकीची फळी, अपुरे माहितीपत्रक आणि भिंतीला बांधण्याची पट्टी न मिळणे

महोदय/महोदया,

फळ्या आणि स्क्रूंबद्दल पुढे लिहितोच, पण मुख्य गोष्ट आधी सांगतो. तुम्ही मुलांसाठी म्हणून विकलेले हे कपाट मुलांच्या अंगावर पडू शकते. हा अंदाज नाही. मी घरी वजन लावून पाहिले आहे.

माझा नातू सहा वर्षांचा आणि नात तीन वर्षांची. आपले कपडे आपण काढायची सवय लागावी म्हणून सुनेने तुमच्या वेबसाइटवरून ९० सेंटिमीटर उंचीचे हे कपाट ८,४९९ रुपयांना मागवले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीला, त्यामुळे जोडणी मी अंगावर घेतली, आणि आनंदाने घेतली. पॉलिटेक्निकमध्ये ३१ वर्षे मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवले आहे. नकाशा वाचता येत नाही म्हणून ग्राहक चुकला, असे उत्तर कृपया देऊ नका.

तुमच्या २४ पानी माहितीपत्रकात एकही शब्द नाही, नुसती चित्रे आहेत. सातव्या चित्रात दोन्ही बाजूच्या फळ्यांना एकच अक्षर दिले आहे आणि कुठली बाजू आत, कुठली बाहेर, हे दाखवणारा बाण नाही. तरी मी ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलची छिद्रे मोजली. पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर, म्हणजे रीतसर होती. घोटाळा वेगळाच निघाला : खोक्यात आलेल्या दोन्ही फळ्या डाव्या होत्या. डावी फळी उजवीकडे लावायची तर ती उलटी करावी लागते. मग छिद्रे आतल्या बाजूला येतात खरी, पण वरची खाली जातात आणि समोरासमोरची उंची जुळत नाही. अशाने ड्रॉवर तिरकेच बसणार.

तुमच्या ग्राहक सेवेला चार फोन केले, फोटो पाठवले, ‘डावी’ आणि ‘उजवी’ असे कागदावर लिहून फळीवर चिकटवून पुन्हा फोटो पाठवले. अकरा दिवसांनी बदली फळी आली. तीही डावी.

त्यानंतर तुमचा जोडणीवाला आला. मुलगा कष्टाळू होता, त्याच्यावर माझा राग नाही. उजवी फळी त्यालाही दिली गेली नव्हती. त्याने डावी फळी उलटी केली आणि जुन्या छिद्रांशेजारी नजरेने नवी छिद्रे पाडली. ही फळी म्हणजे गोंदात दाबलेला लाकडाचा भुसा. तिच्यात स्क्रू पहिल्यांदा बसतो तसा दुसऱ्यांदा बसत नाही, आटे भुगा होऊन सुटतात. दोन छिद्रांमध्ये जेमतेम बोटभर जागा उरली, तर ती ड्रॉवरचा भार किती दिवस पेलणार? आज वरून दुसऱ्या ड्रॉवरचे उजवे चॅनेल हाताने हलवले तरी हलते.

आता भिंतीविषयी. माहितीपत्रकात तेविसाव्या पानावर, शेवटून दुसऱ्या, कपाटाच्या पाठीमागून भिंतीला जाणाऱ्या धातूच्या पट्टीचे छोटेसे चित्र आहे. ती पट्टी पिशवीत नव्हती. जोडणीवाल्याला विचारले तर तो म्हणाला, ‘‘काका, भींते ठोकवानी जरूर नथी.’’ ग्राहक सेवेतल्या बाईंनीही फोनवर तेच सांगितले, की ती ऐच्छिक आहे. दोघांनी एकच सांगितले, म्हणजे त्यांना तसे शिकवले गेले आहे, असे मी धरतो.

नातीचे वजन १४ किलो आहे. म्हणून घरातल्या वजनकाट्यावर तेवढे गहू मोजून पिशवीत भरले, मुलांना खालच्या मजल्यावर पाठवले आणि कपाटाचे खालचे दोन ड्रॉवर पूर्ण उघडले. मुले त्यांच्या पायऱ्याच करतात, आमच्या नातवाने पहिल्याच दिवशी केल्या होत्या. मग सर्वांत वरचा ड्रॉवर उघडून त्याच्या पुढच्या कडेला पिशवी टांगली. कपाटाचे मागचे पाय जमिनीवरून उठले. माझा मुलगा शेजारी उभा होता, त्याने दोन्ही हातांनी धरले म्हणून ते फरशीवर आले नाही. तेव्हा ड्रॉवर रिकामे होते. कपडे भरल्यावर उघडे ड्रॉवर आणखी जड होतील आणि तोल आणखी पुढे जाईल. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तोपर्यंत दोन दिवस मुले त्या खोलीत एकटी खेळली होती.

हा धोका कुणाला ठाऊक नाही असे नाही. अमेरिकेत १ सप्टेंबर २०२३ पासून २७ इंच किंवा त्याहून उंच असलेल्या कपड्यांच्या कपाटांना उलटण्याची चाचणी सक्तीची आहे. त्यात ड्रॉवर भरून, खाली गालिचा धरून आणि ६० पौंडांपर्यंतच्या मुलाची ओढ गृहीत धरून कपाट तपासतात. तुमचे कपाट ३५ इंचांचे आहे. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे साठवणीच्या फर्निचरसाठी आयएस १७६३४ : २०२२ हे मानक आहे. त्यानुसार या कपाटाची चाचणी झाली असेल तर अहवाल मला पाठवा. झाली नसेल तर तसे लिहून कळवा.

पट्टी पाठवाल तेव्हा तिच्याबरोबरच्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांचाही विचार करा. आमच्या भागात अनेक घरे जुनी आहेत, वीट आणि चुन्याची. आखूड गिट्टी नुसत्या गिलाव्यात बसते आणि ओढली की गिलाव्यासकट हातात येते. लांब स्क्रू हवा, तो विटेपर्यंत गेला पाहिजे. शिवाय भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी असते, तिच्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही. तेवढे अंतर भरून काढणारा ठोकळाही हवा.

आणि माहितीपत्रकात शब्द छापा. मराठी, गुजराती, हिंदी, जी भाषा ग्राहक वाचतो ती. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये याच शहरात कलाभवन काढले, तेव्हा तंत्रशिक्षण लोकांच्या भाषेतून देण्याचा आग्रह होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर ‘हे कपाट भिंतीला बांधल्याशिवाय मुलांना वापरू देऊ नका’ एवढे एक वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापणे अवघड नसावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा दिला नसेल तर होणाऱ्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते.

उजवी फळी, नवीन चॅनेल आणि पट्टी घेऊन माहीतगार माणूस पाठवा. ते जमत नसेल तर कपाट परत न्या आणि ८,४९९ रुपये परत करा. पण माझे एकट्याचे काम करून विषय मिटवू नका. हेच कपाट ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सर्वांना पट्टीबद्दल कळवा, आणि कळवल्याचे मला लिहून सांगा. ई-कॉमर्स नियमांनुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी राहतो त्या जिल्ह्यात दावा लावण्याची मुभा कायदा देतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही.

मोजमापे, फोटो आणि चाचणीचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. ऑर्डर क्रमांक ई-मेलच्या विषयात आहे. न्यायला माणूस येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करावा. खोकी आणि थर्माकोल जपून ठेवले आहेत. तोपर्यंत कपाट आम्ही तोंड भिंतीकडे करून ठेवले आहे, म्हणजे ड्रॉवर उघडणार नाहीत. मुलांचे कपडे सध्या पलंगाखालच्या सुटकेसमध्ये आहेत.

आपला,
एक ग्राहक