नव्या ट्रकचालकानं वाईट वस्ताद सोसायचा का? परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अवजड वाहन शिकणाऱ्या मुलांना वाईट शिकवणाऱ्यापासून सुटण्याचा मार्ग मिळण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

कोल्हापूरचा शिरोली नाका, गांधीनगरची गोदामं, मार्केट यार्ड, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींचा परिसर. रात्री जिथं जिथं गाड्या लागतात तिथं नवी पोरं एकमेकांना एकच गोष्ट विचारत असतात : वस्ताद शिव्या घालतो, शिकवत काही नाही, शिकवलं तर उलटंच शिकवतो, मग थांबू का सोडू? जुनी मंडळी सांगतात, "सोस. आम्हीबी सोसलंय." आमचं मत वेगळं आहे. वाईट वस्ताद सोसू नये. पण पोराला नुसतं "सोसू नको" म्हणून भागत नाही, कारण सोडलं तर त्यानं जायचं कुठं, याची सोय आज नाही. ती सोय तुमच्या खात्याला करता येते, म्हणून हे पत्र.

हेवी लायसनचा रस्ता कागदावर चांगला आखलेला आहे. वय २० पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन काढून किमान एक वर्ष झालेलं, मग हेवीचं लर्निंग, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ चा दाखला आणि शेवटी चाचणी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ३१ म्हणतो, व्यावसायिक वाहनाचं प्रशिक्षण किमान ३० दिवस आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंग हातात किमान १५ तास. नियम २४ प्रमाणे शिकवणारा दहावी पास, ५ वर्षांचा अनुभव असलेला आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला हवा. स्कूलच्या गाडीला डबल कंट्रोल हवा, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक हवा.

रस्त्यावर यातलं काय उरतं? १५ तासांची नोंद फॉर्म १५ च्या रजिस्टरात एका बैठकीत, एकाच पेनानं भरली जाते. गाडी जुनी आणि रिकामी. रस्ता सपाट. चाचणीही रिकाम्या गाडीवरच. सगळ्याच स्कूलचं असं नाही. मनापासून शिकवणारे आहेत, आणि कागदावरच्या दाखल्यांमुळे धंद्यात मार खातात ते तेच. पण बहुतेक पोरांच्या हातात हेवी लायसन पडतं तेव्हा त्यांनी भरलेली गाडी एकदाही घाटातून उतरवलेली नसते.

म्हणून खरं शिक्षण होतं मालाच्या गाडीवर, क्लीनर म्हणून, रात्री, वस्तादाला झोप आली की. इथं तुमच्या खात्यानं एक गोष्ट नीट बघावी. नियम ३ प्रमाणे लर्निंगवाल्याशेजारी लायसनधारक शिकवणारा गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला पाहिजे. साध्या ट्रकमध्ये क्लीनरच्या सीटवरून ब्रेकला पाय पोचत नाही, आणि वस्ताद तर मागच्या बाकावर आडवा झालेला असतो. त्यातून मालवाहू गाडीच्या विमा पॉलिसीतलं ड्रायव्हरचं कलम वाचा : लर्निंगवाला गाडी चालवू शकतो, पण अपघाताच्या वेळी मालाची वाहतूक चालू नसेल तरच. म्हणजे भरलेल्या गाडीवर शिकणारं पोर विम्याच्या बाहेर असतं, मालकही विम्याच्या बाहेर असतो, आणि समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या भरपाईसाठी कोर्टात वर्षं जातात. हे पोराला कुणी सांगत नाही. वस्तादालाही बहुतेक वेळा माहीत नसतं.

आता वाईट शिकवणं म्हणजे नेमकं काय, ते एकाच उदाहरणावरून सांगतो, कारण बाकी सगळं त्यात दिसतं.

वस्तादाचा पहिला धडा असतो : उतार लागला की गाडी न्यूट्रल कर, डिझेल वाचतं. काही जण याच्या पुढं जाऊन इंजिनच बंद करायला लावतात. आताच्या कॉमनरेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरचा पाय पूर्ण काढला की डिझेलचा फवारा बंद होतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालायचा, ती बचतच होत नाही. उलट इंजिनाचा अडसर जातो आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक) निकामी होतो. गाडी आवरायचं सगळं काम चाकातला ड्रम आणि त्याला घासून चाक आवरणारा लायनर यांच्यावर येतं. इंजिन बंद केलं तर स्टिअरिंगची पॉवर जाते, ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, आणि टाकीत उरलेल्या हवेवर जेवढे ब्रेक लागतील तेवढेच.

हिशेब करून बघा. २८ टनांची भरलेली गाडी ५०० मीटर उंची उतरते, म्हणजे साधारण गगनबावड्याहून करूळ घाट उतरून खाली जाते, तेव्हा जेवढी ऊर्जा कुठंतरी जिरवायची असते ती पावणेचार लिटर डिझेल जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेएवढी असते. इंजिनानं त्यातला वाटा उचलला नाही तर ती सगळी ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढतं, लायनर चकचकीत होऊन धरेनासा होतो. पेडल दाबलं जातं, हवा सुटल्याचा आवाज येतो, आणि गाडी थांबत नाही. मग घाबरून पोर गिअर टाकायला बघतं. तोवर वेग इतका वाढलेला असतो की गिअर पडतच नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते : ब्रेक फेल. ब्रेक फेल झालेला नसतो, तो तापवून मारलेला असतो. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलावर एका ट्रकनं अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं होतं. अशी सवय कुणी ना कुणी शिकवलेली असते.

बरोबर धडा लांबलचक नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहू द्यायचा, लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. वेग वाढला तर पेडलवर पाय ठेवून घासत बसायचं नाही. एकदा नीट दाबून वेग आठ-दहा किलोमीटरनं खाली आणायचा आणि पाय काढायचा. सारखं टपटप दाबलं तर टाकीतली हवा खर्च होते आणि कमी आरपीएमवर कॉम्प्रेसरला ती भरून काढता येत नाही. खाली पोचल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी मारायचं नाही, ड्रमला चिरा पडतात. पाणी मारणारे वस्ताद आजही आंबा घाटाच्या पायथ्याला दिसतात.

अशीच गत सकाळच्या तपासणीची. ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा सात-आठ बारपर्यंत आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. पाचच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं इकडंतिकडं, बझर वाजतो तो उगाच नव्हे. टाकीचा ड्रेन उघडून पाणी काढायचं. गाडी सपाटीला उभी करून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडून पेडल दाबून धरायचं आणि मिनिटभर काटा बघायचा. डोळ्यांदेखत उतरत असेल तर कुठंतरी गळती आहे. चाकाच्या नटाखालून गंजाचा तांबडा ओघळ दिसला तर नट सैल आहे असं समजायचं. जोडीच्या चाकांत अडकलेला दगड काढायचा. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. "बझर वाजू दे, वाटंत भरतीय हवा" म्हणणारा वस्ताद पोराची ही पंधरा मिनिटं कायमची खाऊन टाकतो, कारण पहिल्या महिन्यात जे हाताला लागत नाही ते पुढं लागत नाही.

इथं एक फरक मुद्दाम सांगायला हवा, नाहीतर आमच्यावर आरोप होईल की पोरांना लाडावतोय. कडक वस्ताद आणि वाईट वस्ताद एक नव्हेत. रिव्हर्स घेताना चार वेळा खाली उतरून मागं बघायला लावणारा, आरसा न बघता लेन बदलली म्हणून जागच्या जागी झापणारा, ताडपत्रीची गाठ सैल बांधली म्हणून पूर्ण सोडून परत बांधायला लावणारा, हा सोसावा. त्याचे पाय धरावेत. "का?" विचारलं की "गप कर सांगतोय तेवढं" म्हणणारा, पिऊन शेजारी बसणारा, व्हीलपाना उगारणारा, दिवसभर हमाली करून घेऊन रात्री स्टिअरिंग देणारा, लायसन नसताना गाडी हातात देणारा, पोराचं मूळ लायसन आणि आधार स्वतःकडे ठेवून घेणारा, यातला एकही प्रकार एक दिवससुद्धा सोसायचं कारण नाही. (लायसनचं म्हणाल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन कायद्यानं चालतं. आरटीओच्या खिडकीवर हे मोठ्या अक्षरात लिहा, निम्मी अडवणूक तिथंच संपेल.)

मग पोरं सोडत का नाहीत? स्कूलची फी आगाऊ भरलेली असते, परत मिळत नाही. झालेले तास दुसऱ्या स्कूलमध्ये धरत नाहीत. गाडीवरचा वस्ताद तर मालकाचा माणूस. त्यानं "पोरगं बेकार आहे" म्हटलं की अड्ड्यावर दुसरा मालक उभा करत नाही. कामाच्या तासांचं संरक्षण म्हणावं, तर २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ दिवसाला ८ तास आणि ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागायचा. इथं एक-दोन गाड्यांचे मालक भरपूर, त्यांच्याकडचं पोर त्या कायद्यातही बसत नव्हतं. आणि तक्रार करायची म्हटली तर कुणाकडं, हे सांगणारी एक पाटीही नाही.

२०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रं आणली. अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास, दोन एकर जागा, सिम्युलेटर, ट्रॅक. चांगलं आहे. पण तिथं पास झालेल्याला आरटीओची चाचणी माफ आहे. म्हणजे शिकवणाऱ्याच्या कामावर शेवटची नजर टाकणारं तिथं कुणी उरत नाही, म्हणून त्याच्यावर आधीपासून जास्त नजर हवी.

आमच्या मागण्या अशा.

फॉर्म १५ च्या रजिस्टरात प्रत्येक दिवशी गाडीचा नंबर, सुरुवातीचं आणि शेवटचं किलोमीटर रीडिंग, शिकवणाऱ्याचं नाव आणि शिकणाऱ्याची सही असावी, आणि त्या पानाचा फोटो शिकणाऱ्याच्या मोबाइलवर जावा. मोटार वाहन निरीक्षकानं फक्त रीडिंग जुळवून बघितलं तरी पुरे. दहा जणांचे दीडशे तास नोंदले आहेत आणि गाडी दोनशे किलोमीटरच फिरली आहे, हे लपत नाही. आमच्या मते ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा जास्त काम करेल आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

१५ तासांपैकी निदान तीन तास वाळूच्या पोत्यांनी अर्धी भरलेल्या, डबल कंट्रोलच्या गाडीवर व्हावेत, आणि त्यातली एक फेरी खऱ्या घाटात. कोल्हापुरातून गगनबावडा एका सकाळीत होतो. वाळूची पोती हे कुणाचं भाडं नव्हे, त्यामुळे विम्याचा प्रश्नही सोपा होतो; तरी विमा कंपन्यांकडून तसं लेखी घ्यावं.

शिकणाऱ्यानं स्कूल सोडलं तर झालेले तास दुसरीकडं धरले जावेत आणि उरलेल्या तासांची फी परत मिळावी. तक्रार नाव गुप्त ठेवून घ्यावी. लायसन देताना शिकवणाऱ्याचं नाव संगणकावर जोडलं जावं, म्हणजे एकाच माणसाच्या हातून शिकलेल्यांचे पहिल्या वर्षातले अपघात एकत्र दिसतील.

लायसननंतरचा काळही मोकळा सोडू नये. पहिले काही आठवडे नव्या चालकानं जोडीला अनुभवी चालक घेऊनच घाटातली भाडी करावीत, त्या दिवसांची मजुरी ठरलेली असावी, आणि असा जोडीदार देणाऱ्या छोट्या मालकाला करात किंवा विम्यात काही सवलत मिळावी. मालकाला दोन माणसांचा भत्ता परवडत नाही हे खरं आहे. ते न बघता नुसता नियम केला तर तोही रजिस्टरातच राहील. एसटी नव्या चालकाला प्रशिक्षण आणि चाचणीनंतरच मार्गावर पाठवते. मालवाहतुकीत तेवढं व्हावं.

यातल्या पहिल्या मागणीला आणि तक्रार नोंदवून घ्यायला नवा कायदा लागत नाही. चुकार स्कूलचा परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार नियम २८ नं आजही दिलेला आहे. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या येतात, मळी आणि इथेनॉलचे टँकर वाढतात, आणि मालक मिळेल त्या पोराला गाडीवर चढवतात. त्याच्या आत, येत्या दिवाळीपूर्वी, कोल्हापूर आरटीओत या दोन गोष्टी सुरू कराव्यात. घाटातल्या फेरीसाठी अनुभवी चालक आणि ब्रेकचं काम खोलून दाखवायला फिटर लागले, तर आमच्यातले लोक यायला तयार आहेत.

आपले,
कोल्हापुरातले काही ट्रकचालक, गाडीमालक आणि फिटर