लानोला निघण्यापूर्वी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

टेक्सासमधल्या लानोला हरणाच्या शिकारीला जाताना कुठली गोळी न्यायची, हा तुझा मेसेज मिळाला. फोनवर सांगायला गेले की तू ‘हो हो’ म्हणतोस आणि अर्धं विसरतोस, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा रायफल देऊन मोकळे झाले. गोळीचं बघायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं.

कपाटातल्या त्या डब्यातली काडतुसं हरणासाठी चालणार नाहीत. ती रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाला, कागद फोडायला आणलेली आहेत. त्या गोळीवर टोकापर्यंत तांब्याचं कवच आहे, म्हणजे फुल मेटल जॅकेट. अशी गोळी कधी बारीक भोक पाडून आरपार जाते, तर कधी आत कलंडून फुटते. नेमकं काय करेल याचा भरवसा नसतो, आणि जिवंत जनावरावर असा जुगार खेळायचा नसतो. कित्येक राज्यांत तर ती हरणासाठी कायद्यानंच बंद आहे.

तुझ्या मित्रानं ‘५५ ग्रेनची कुठलीही घे’ म्हणून सांगितलं, ते मला जास्त खटकलं. ग्रेन हे नुसतं वजन झालं. आपल्या सोनारांच्या जुन्या मापात एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. ५५ ग्रेन म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या थोडं वर. दुकानात ५५ ग्रेनच्या चार पेट्या शेजारी शेजारी दिसतील: एक रेंजची, एक कोयोटी (इथला कोल्ह्यासारखा प्राणी) आणि प्रेअरी डॉग (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) यांच्यासाठीची, एक सॉफ्ट पॉइंट, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, एक अख्ख्या तांब्याची. वजन एकच, वेगही जवळपास तोच, पण बरगडीत शिरल्यावर चौघींचं वागणं चार तऱ्हांचं. ६२ ग्रेनमध्येही हाच घोळ आहे. हिरव्या टोकाच्या लष्करी नमुन्याच्या गोळीत पोलादाचा तुकडा असतो, आणि त्याच वजनाची दुसरी गोळी खास हरणासाठी बनवलेली असते. म्हणून आकडा नंतर वाच. गोळी कशी बांधली आहे आणि कशासाठी, ते पेटीवर आधी वाच.

कोयोटीवाली गोळी सगळ्यात फसवी. व्ही-मॅक्ससारख्या गोळ्यांचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं. लहान जनावरात शिरताच तिच्या ठिकऱ्या व्हाव्यात हाच हेतू असतो आणि त्या कामाला ती उत्तम आहे. हरणाच्या खांद्यावर बसली तर मात्र वरच्या मांसात मोठा खड्डा पडतो, फुफ्फुसापर्यंत फारसं काही पोचत नाही, आणि जनावर तसंच पळत सुटतं. रंगीत प्लास्टिकचं टोक बघून ओळखायला जाऊ नकोस, तसलं टोक हरणाच्या चांगल्या गोळ्यांनाही असतं.

तुझी .२२३ (हे कॅलिबर, म्हणजे इंचात गोळीच्या जाडीचं माप) हरणासाठी पुरते का, हा वाद इथं कायम चालू असतो. टेक्सासचा कायदा हरणासाठी रिमफायर काडतूस (ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका पडून बार उडतो ते) तेवढं नाकारतो, म्हणजे साधी .२२ बाद. दोन्ही गोळ्यांची जाडी जवळपास सारखी, पण .२२ ची ताकद दीडशे फूट-पाउंडांच्या (गोळीची ऊर्जा मोजायचं माप) आतबाहेर आणि .२२३ ची बाराशेच्या पुढे. .२२३ रिमफायर नाही, त्यामुळे इथे ती चालते. व्हर्जिनियात किमान .२३ लागते, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टनमध्ये .२४. त्या राज्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. .२४३ हातात असती तर ८० ते १०० ग्रेनची गोळी मिळाली असती आणि मी एवढं लांबण लावलं नसतं. पण हिल कंट्रीतली, म्हणजे लानोच्या त्या टेकड्यांच्या भागातली, हरणं अंगानं लहान, मादी तर बहुतेक शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस किलो. शंभर यार्डांच्या आत आणि योग्य गोळीनं .२२३ तेवढं काम नीट करते. त्याहून जड जनावर असेल किंवा पल्ला लांब असेल, तर ती कमी पडते.

आता योग्य गोळी कुठली ते. ती फुलली पाहिजे आणि फुलूनही एकसंध राहिली पाहिजे. मोठ्या कॅलिबरमध्ये गोळीचा थोडा भाग तुटून गेला तरी उरलेला पुरतो. तुझ्याकडे मुळात जेमतेम चार ग्रॅम, त्यातले दोन वाटेत सांडले तर आत जायला काय राहणार? ही अडचण जुनी आहे. जॉन नॉस्लर नावाच्या माणसाची गोळी १९४६ मध्ये कॅनडात चिखलानं माखलेल्या एका मूसच्या (प्रचंड मोठ्या जातीच्या हरणाच्या) खांद्यावरच फुटली. त्यावरून त्यानं मधोमध तांब्याची भिंत असलेली गोळी काढली. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा तसाच आत जातो. ती पार्टिशन गोळी .२२३ साठी ६० ग्रेनमध्ये मिळते. दुसरा प्रकार बाँडेड, त्यात शिसं आणि कवच एकमेकांना जोडलेलं असतं. फेडरलची फ्यूजन ६२ ग्रेनमध्ये आहे. तिसरा बार्न्सचा, पूर्ण तांब्याचा. त्यात शिसंच नाही, टोकाच्या पोकळीपासून पाकळ्या उघडतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं.

माझं मत तिसऱ्याकडे झुकतं, आणि त्याचं कारण आपल्या ताटात आहे. क्लिनिकमध्ये गोळी लागलेल्या कुत्र्यांचे एक्स-रे मी पाहिलेत. शिशाचे कण जखमेपासून कितीतरी लांब पसरलेले असतात, आणि गोळी जितकी वेगवान, तितकी पूड जास्त. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं, तेव्हा तो वाटू नका, टाकून द्या असं फूड पॅन्ट्रींना सांगावं लागलं. कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळीच बंद केली. टेक्सासमध्ये तशी सक्ती नाही. पण तुझ्या ताईचं बाळ आता आपल्या ताटातलं खायला लागलंय, एवढी सक्ती मला पुरे.

फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला जास्त फिरकी लागते, नाहीतर दोरी सैल सुटलेल्या भोवऱ्यासारखी ती डगमगते. नळीवर कोरलेला फिरकीचा आकडा बघ. बाबांच्या रायफलीचा १:९ आहे, म्हणजे नऊ इंचात एक पूर्ण फेरा. तिच्यात ५५ ग्रेनची तांब्याची गोळी किंवा ६० ते ६२ ग्रेनची शिशाची नीट जाते. ७७ ग्रेनच्या वाटेला जाऊ नकोस. जुन्या .२२३ मध्ये १:१२ सुद्धा असतं, त्यामुळे मित्राच्या रायफलीत चाललं म्हणजे तुझ्यात चालेल असं नाही. आणि रायफलीवर .२२३ कोरलंय, तेव्हा ५.५६ ची लष्करी काडतुसं दुकानदारानं कितीही स्वस्त दिली तरी घ्यायची नाहीत. त्यांचा दाब जास्त असतो.

ज्या पेटीतून शिकार करणार, त्याच पेटीतली काडतुसं वापरून शंभर यार्डांवर नेम लावून घे. रेंजच्या स्वस्त गोळ्यांनी स्कोप जुळवून शेवटी महागाची गोळी भरायची, असं करू नकोस. दोन्हींचा मारा वेगळ्या जागी पडतो. कागदावरचं भोक गोल हवं. लांबट पडलं तर गोळी आडवी होऊन जातेय असं समज.

एवढं करूनही लहान गोळी कित्येकदा पलीकडे निघत नाही. बाहेर पडायचं भोक नाही, तर रक्त आतच साचतं आणि जमिनीवर थेंब कमी दिसतात. तिथल्या सीडरच्या आणि निवडुंगाच्या गचपणात पन्नास यार्ड पळालेलं हरीण शोधताना जीव जातो. म्हणून हरीण आडवं उभं असेल किंवा किंचित पलीकडे तोंड करून असेल, तरच बार टाक. पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या तळापासून एक तृतीयांश उंचीवर. समोरून तिरपं आलं तर मध्ये खांद्याचं हाड येतं, ते सोड. मान नको, डोकं नको, पळतं नको. मोठ्या रायफलवाला घेईल ते सगळे बार तुला घेता येणार नाहीत, हे तिथं चौघांत बसल्यावर अवघड वाटेल, तरी.

आणखी एक. लानोच्या बाजूला तुला चितळ दिसतील. खरेच, आपल्या ताडोब्यातले, ठिपक्यांचे. १९३० च्या दशकात आणून सोडलेले, आता मोकाट वाढलेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना हात लावायची सोय नाही. इथे ते परके, म्हणून बंदीचा हंगामही नाही. मांस व्हाइटटेलपेक्षा, म्हणजे तू मारायला चाललायस त्या इथल्या नेहमीच्या हरणापेक्षा, चांगलं म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं. पण चितळाचा नर अंगानं भरलेला असतो, कधी दोनशे पौंडांपर्यंत. .२२३ घेऊन त्याच्या मागे लागू नकोस. रँचच्या मालकांनी आग्रह केला तर त्यांचीच मोठी रायफल माग, आणि आधी तिचे चार-पाच बार कागदावर टाक.

आजीला पुण्याला फोन करून यातलं काही सांगू नकोस. मी सांगेन, माझ्या वेळेनं.

लायसन्स आणि हंटर एज्युकेशनचा दाखला खिशात ठेव. हरीण पडलं की लायसन्सबरोबरच्या टॅगवरची (शिकारीला बांधायच्या चिठ्ठीवरची) तारीख तिथल्या तिथे कापायची असते. नारिंगी जॅकेट खासगी जमिनीवर सक्तीचं नाही, तरी घाल. नोव्हेंबरमध्येही दुपारी तिकडे ऊन चढतं. पोट लगेच साफ कर आणि बर्फाच्या दोन मोठ्या पिशव्या आधीच घेऊन ठेव. मागच्या मांड्या अख्ख्या आण, तिथल्या माणसाला खिमा करू देऊ नकोस. गोळी लागलेल्या जागेभोवतीचं वीतभर मांस काढून टाक, तांब्याची गोळी असली तरी.

पेटी घेतलीस की दुकानातूनच तिचा फोटो पाठव.

तुझी
आई