डुकुरेचा गोल नेरूळमध्ये झाला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर, २०१७च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारतात खेळून गेलेल्या मुलांचा ‘सर्वोत्तम अकरा’ जणांचा संघ आपण छापलात. कल्पना चांगली, छपाईही या खेपेस स्वच्छ. चहा घेता घेता नावं वाचत गेलो. इंग्लंडचा फोडेन आहे, असायलाच हवा. स्पेनचा फेरान टोरेस आहे. इंग्लंडचाच गेही आहे. सँचोही आहे. तो साखळी सामने संपताच आपल्या क्लबाकडे जर्मनीला परत गेला होता, म्हणजे पंगत उठायच्या आधीच ताटावरून उठलेला पाहुणा, तरी आहे. मधल्या फळीत इंग्लंडचाच गॅलागर आहे. आफ्रिकेच्या वाट्याला एक जागा, ती घानाच्या कुडूसला. मालीचा एकही नाही, ज्याच्यासाठी मी हे लिहितोय तो शेख ओमर डुकुरेही नाही.

कुडूसबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या मालीनं गुवाहाटीच्या चिखलात कुडूसच्या घानाला २-१ असं घरी पाठवलं, त्यांच्यातला एकही मुलगा तुमच्या अकरांत बसू नये? त्या संघानं फातोर्ड्याला इराकला पाच गोल मारले होते. तुमच्या गोव्याच्या वार्ताहरानं तेव्हा पाहिले असतील, त्यांना विचारा. मालीसाठी आपण दोन ओळी खर्च केल्या आहेत. पहिली, हा संघ ‘ताकदीच्या जोरावर’ उपांत्य फेरीपर्यंत पोचला. दुसरी, आफ्रिकन संघांच्या वयाबद्दल ‘नेहमीच कुजबुज असते’. फोडेनच्या पायात जादू आणि मालीच्या पोरांच्या अंगात ताकद, ही वाटणी कोणी केली कोण जाणे. मी नेरूळला तीन वेळा त्यांचा खेळ पाहिला. पॅराग्वेकडून २-३ हरले तेव्हा पाहिला, तुर्कीला तीन मारले तेव्हा पाहिला, आणि तिसरी खेप उपांत्य सामन्याची. तिच्यासाठीच हे पत्र.

२५ ऑक्टोबर, बुधवार. भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. कोल्हापूरहून बहीण आणि भाचा आले होते. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. पेठेतल्या मोठ्या पोरांत खेळून दोन्ही गुडघे सोललेले, आणि दिवाळीत नवे कपडे नकोत, बूट हवेत म्हणून आईशी भांडलेला. मीही मूळचा कोल्हापूरचाच, त्यामुळे मी भाच्याच्या बाजूनं. स्पेन विरुद्ध माली, रात्री आठचा सामना. आम्ही सातलाच जाऊन बसलो.

स्पेननं मध्यंतराआधीच दोन केले, दोन्ही आबेल रुईझनं, त्यातला एक पेनल्टीवर. आमच्या मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं ‘माळी, माळी’ म्हणून आरडत होती. एकानं तर ‘माळीबुवा, पाणी घाला!’ अशी हाळी दिली. सगळे हसले, मीही हसलो. पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. दोन गोल खाल्ल्यावर अर्ध्याअधिक मैदानाचा जीव मालीत गुंतला होता, आणि ती पोरंही खाली मान घालून खेळत नव्हती. माझ्या शेजारचे एक गृहस्थ मात्र सारखं म्हणत होते, “सतराचे वाटतात का हो हे? यांची पोरं शाळेत जात असतील.” आपल्या कालच्या ‘कुजबुज’मध्ये मला त्यांचाच आवाज ऐकू आला. म्हणूनच बहुधा डोकं जरा जास्त फिरलं.

साठ मिनिटं उलटली असतील. शेख ओमर डुकुरे नावाच्या मुलानं लांबून चेंडू हाणला. मारला नाही, हाणला. क्रॉसबारच्या खालच्या अंगावर आपटून चेंडू खाली आला, टप्पा रेषेच्या आत पडला आणि चेंडू उसळून बाहेर आला. भाचा उभा राहून माझ्या दंडावर गुद्दे मारतोय, मागची पोरं नाचतायत, मालीच्या खेळाडूंचे हात वर, आणि पंच खेळ चालू ठेवतायत. मला आधी वाटलं, आपलीच नजर चुकली. घरी येऊन रात्री एक वाजता रिप्ले पाहिला. टप्पा आत होता. चांगला आत होता, केसाचा प्रश्न नव्हता.

तो धरला असता तर २-१ आणि हाताशी अर्धा तास. धरला नाही. थोड्या वेळानं टोरेसनं तिसरा केला, लगेच तीन मिनिटांत लासाना एनडियायेनं मालीचा एक फेडला. तो त्याचा स्पर्धेतला सहावा गोल. ३-१. आता हिशेब तुम्हीच करा. त्याच वर्षी दक्षिण कोरियात वीस वर्षांखालील विश्वचषकाला व्हिडिओ पंच होते. गोलरेषेचं यंत्र तर २०१४पासून मोठ्यांच्या विश्वचषकात आहे. आमच्या पोरांच्या स्पर्धेला दोन्ही नव्हतं. ‘आमच्या’ असं लिहून गेलो, असू दे.

नेरूळ स्टेशनपर्यंत चालत येताना भाच्यानं चार वेळा विचारलं, “मामा, गोल होता ना?” चौथ्यांदा मी म्हणालो, “होता रे बाबा, पण आता काय करायचं?” तो म्हणाला, “मग उद्याच्या पेपरात येईल.” दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात टोरेसचा मोठा फोटो आला. न धरलेल्या गोलाबद्दल एक शब्द नव्हता. मी त्याच दिवशी आपल्याला पत्र टाकलं. ते आपण छापलंत, नाकारत नाही. पण गोलाचा परिच्छेद कापून! उरलं काय, तर ‘नवी मुंबईकर प्रेक्षकांनी शिस्तीचे दर्शन घडवले’. शिस्तीबद्दल मी एक ओळ लिहिली होती, तीही सौजन्य म्हणून. भाच्याला ते कात्रण दाखवायची मला लाज वाटली.

तर त्या डुकुरेचं पुढं काय झालं, हे कालचा लेख लिहिणाऱ्यांना माहीत नसावं किंवा आठवलं नसावं. मला माहीत आहे, कारण भाचा गेली कित्येक वर्षं मला त्याची बातमी पाठवतो. घरच्यांचे वाढदिवस विसरतो, डुकुरे विसरत नाही. पोरगा बामाकोचा, तिथल्या रेआल बामाको क्लबातला. अठराव्या वर्षी, २०१८ साली, उत्तर फ्रान्समधल्या लाँस या कोळसा खाणींच्या जुन्या गावी गेला. तिथल्या मैदानातल्या खुर्च्या गावच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत, म्हणजे मंडळी फुटबॉलवेडी, आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेच्या जातीची. तेव्हा लाँसचा संघ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत होता. दोन वर्षांत वर चढला, आणि वर गेल्यावर लागोपाठ दोन मोसम सातवा आला. मधल्या फळीच्या मागच्या अंगाला हा. समोरच्याच्या पायातला चेंडू काढायचा आणि गाजावाजा न करता पुढच्याला द्यायचा. असल्या खेळाचे फोटो येत नाहीत, ते मान्य.

२०२२च्या उन्हाळ्यात क्रिस्टल पॅलेस या क्लबनं त्याला लंडनला नेलं. आता गॅलागरकडे येतो, ज्याला आपण मधल्या फळीत जागा दिली आहे. गॅलागर २०२१-२२मध्ये त्याच पॅलेसकडून उसना खेळला आणि क्लबचा त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या मोसमाचा सर्वोत्तम कोण? डुकुरे. इंग्लंडमधलं पहिलंच वर्ष, तोच क्लब, मधली फळीही तीच, पुरस्कारही तोच. एक तुमच्या अकरांत, दुसऱ्याचं नावही नाही. मग फरक कुठं पडला? नोव्हेंबर २०२३मध्ये लूटनविरुद्ध डुकुरेची धोंडशीर तुटली, ती टाचेमागची, अकिलीस म्हणतात ती. महिनोन् महिने गेले. सावरून परत खेळायला लागला तोच जानेवारी २०२५मध्ये गुडघा गेला, मोसम संपला. मे महिन्यात पॅलेसनं वेम्बलीवर मँचेस्टर सिटीला १-० हरवून इंग्लंडचा एफए कप जिंकला, क्लबच्या इतिहासातला पहिलाच मोठा करंडक, तेव्हा हा मैदानात नव्हता. करंडक उचलला कर्णधार मार्क गेहीनं. तोही २०१७ला भारतात होता, कोलकात्याच्या अंतिम सामन्यात त्याचा एक गोल आहे. (आपल्या संघात आफ्रिका एकच, असं वर म्हणालो खरा, पण गेहीचा जन्म आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानचा. इंग्लंडच्या शर्टात असल्यामुळे त्याच्या वयाची कुजबुज झाली नाही.)

पाय मोडला म्हणून माणूस यादीतून गेला, एवढाच याचा अर्थ मी काढतो. लेखात तसं स्वच्छ लिहायचं होतं, की सध्या जे धावतायत त्यांचाच हा संघ आहे. मग मी चहा पिऊन शब्दकोड्याकडे वळलो असतो.

आता वय. डुकुरेची जन्मतारीख ८ जानेवारी २०००. त्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. म्हणजे नियमात बसतो, आठवडाभराच्या फरकानं का होईना. सतरा वर्षांखालील विश्वचषकात २००९पासून वय ताडण्यासाठी मनगटाचा एमआरआय काढतात, हाड जुळलं आहे का ते पाहतात. हे सगळं बाजूला ठेवून ‘कुजबुज असते’ असं लिहायचं, म्हणजे सामन्यातल्या त्या शेजारच्या गृहस्थांचं नाव लेखक म्हणून छापण्यासारखं आहे. वयचोरीवर लिहायचंच असेल तर इतक्या लांब कशाला जाता? माझा हाच भाचा चौदा वर्षांखालील जिल्हा स्पर्धेत एका संघाकडून हरला. त्या संघाचा गोलकीपर सामना संपल्यावर मोटरसायकलला किक मारून, मागं दोघांना बसवून गेला. मिशी होती त्याला, आणि चांगली राखलेली होती. त्याची कुजबुज कुठल्याच पानावर आली नाही.

जाता जाता दोन गोष्टी. त्या स्पर्धेत आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला होता. अकरांत नको, पण लेखात कुठं नाव? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की गर्दी मावत नाही, निकाल मात्र मुंबई आवृत्तीत शोधून सापडत नाही. त्या जागी अर्ध्या पानाची गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात असते. गुडघेदुखी मलाही आहे, तरी म्हणतो.

दुसरं, नावं. आपल्याकडे गेहीचा ‘गुएही’ होतो, लाँसचा ‘लेन्स’ होतो, चष्म्याच्या दुकानासारखा. २०२२मध्ये हा मुलगा पॅलेसला गेला तेव्हा आपण दोन ओळींची बातमी दिली होती, तेवढी मात्र मी जपून ठेवली आहे. तिच्यात त्याचं नाव ‘डुकरे’ असं आहे. डुकरे हे आडनाव आपल्याकडे आहे, चांगली माणसं आहेत, पण ती बामाकोची नव्हेत. भाच्यानं तिचा फोटो काढून मलाच परत पाठवला, खाली लिहिलं होतं, “मामा, आपला डुकरे लंडनला.”

हे पत्र छापायचं झालं तर कापायला हरकत नाही. तेलाचं कापा, मिशीचं कापा, शिस्तीबद्दल या वेळी काही लिहिलेलंच नाही. गोलाचा परिच्छेद तेवढा ठेवा, आणि ‘डु’ला आणि ‘कु’ला, दोन्हींना पहिला उकार आहे, तो खालच्या टेबलावर कोणी खाऊ नये.

आपला,
एक जुना वाचक, नेरूळ
(नाव छापू नये. भाचा हसेल.)