मनसरच्या टेकडीवर छप्पर पाहिजे अन् सांगणारा माणूसही

संपादक साहेब, नमस्कार.

रामटेकच्या गडावर सुट्टीच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही, अन् तिथून थोड्याच अंतरावर जबलपूर हायवेला लागून मनसरच्या टेकड्या आहेत, जुन्या राजधानीचे अवशेष असलेल्या, तिथं एखादा शेळ्यावाला सोडला तर दुपारभर कोणी दिसत नाही. हे मी लहानपणापासून बघतोय, पण याचं खरं दुःख व्हायला लागलं ते चीनमधली म्युझियम बघून आल्यावर. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण छापाल अशी आशा आहे.

मुलगा नोकरीला शांघायला असतो, त्याच्याकडं आम्ही नवरा-बायको गेलो होतो. शांघायचं म्युझियम बघितलं, काशाची जुनी भांडी तिथं अशी ठेवलीत की एकेका भांड्यासमोरून हलावं वाटत नाही. मग रेल्वेनं शिआनला गेलो. मातीच्या सैनिकांचं शिआन ते हेच. १९७४ साली तिथले शेतकरी दुष्काळात पाण्यासाठी विहीर खणत होते अन् पाण्याऐवजी मातीच्या माणसाचे तुकडे लागले, हे ऐकलं तेव्हाच माझं मन तिथं अडकलं, कारण उन्हाळ्यात विहीर खणणं म्हणजे काय हे आपल्या विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. निघाली ती चिन शी हुआंग या पहिल्या सम्राटाची फौज, तो इसवी सन पूर्व २१० मध्ये वारला, म्हणजे सव्वादोन हजार वर्षं ही फौज मातीखाली होती. आठ हजाराच्या आसपास सैनिक असावेत असा अंदाज आहे, बरेचसे अजून काढलेलेच नाहीत.

आता मुद्दा ऐका. हे सैनिक उचलून त्यांनी सगळे राजधानीत नेऊन ठेवले नाहीत. जिथं सापडले तिथंच त्या खड्ड्यावर भलंमोठं छप्पर घातलं अन् १९७९ मध्ये म्युझियम उघडलं. पहिला खड्डा दोनशे मीटरच्या वर लांब आहे, आपण कठड्याला धरून उभे राहतो अन् खाली रांगाच रांगा, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कोणाची मिशी वेगळी, कोणाचे केस वेगळ्या तऱ्हेनं बांधलेले. मला सगळ्यात जास्त आवडली ती मागची बाजू, तिथं जोडकाम चालू असतं. अर्धवट जोडलेले सैनिक उभे, कोणाला मुंडकं नाही, कोणाच्या छातीला प्लास्टिक गुंडाळलेलं, अंगावर नंबरची चिठ्ठी लावलेली, बाजूला तुकड्यांचे ढीग. म्हणजे काम अजून संपलेलं नाही हे लोकांसमोर उघडं ठेवलंय. सैनिकांना मुळात रंग होता अन् हवा लागली की काही मिनिटांतच तो सुटायला लागतो, म्हणून ते घाई करत नाहीत, अन् सम्राटाच्या खुद्द समाधीचा ढिगारा तर अजून खोदलेलाच नाही. हा धीर मला फार मोठा वाटला.

तिथंही सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, म्युझियमसाठी गावातल्या लोकांच्या जमिनी गेल्या. पण विहीर खणणाऱ्यांपैकी एक शेतकरी पुढं कितीतरी वर्षं त्याच म्युझियममध्ये बसून लोकांना पुस्तकावर सही द्यायचा, हेही खरं आहे. शोध कोणाच्या हातून लागला ते विसरले नाहीत.

शिआनमध्येच बानपो म्हणून जागा आहे, सहा हजार वर्षांपूर्वीचं गाव, घरांचे खळगे, चुलीच्या जागा, मडकी. १९५३ मध्ये सापडलं अन् १९५८ मध्ये त्यावर छप्पर घालून खुलं केलं. अन् आपल्याकडं? नागपूरजवळ जुनापाणीला जुन्या काळच्या दफनांची दगडी वर्तुळं आहेत, शेकड्यानं, लोहयुगातली. विदर्भात अशी वर्तुळं कितीतरी वावरांत आहेत, लोक दगड उचलून धुऱ्याला लावतात अन् त्यांचा दोष तरी काय, हे काय आहे ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. नांगराला एखादं नाणं, मडकं लागलं तर माणूस गपचूप पुन्हा पुरून टाकतो, जमीन जाईल या भीतीनं. ही भीती काढायचं काम कोणी करत नाही.

मनसर म्हणजे विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचं प्रवरपूर असं बरेच अभ्यासक मानतात. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी. हिडिंबा टेकडीवर विटांचं केवढं बांधकाम निघालंय, पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत जाणारं, एकदा जाऊन बघा. मनसरला सापडलेली शिवाची लाल दगडाची मूर्ती, हसऱ्या चेहऱ्याची, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिथं ती सुरक्षित आहे हे मान्य, पण आमच्या गावातल्या किती पोट्ट्यांनी ती बघितली असेल? मी मागच्या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन टेकडीवर गेलो तर माहिती सांगणारं कोणी भेटलं नाही, मला ठाऊक होतं तेवढं मीच सांगितलं.

अजून एक. शिआनला मोठा पॅगोडा आहे, ह्युएन त्संग या चिनी भिक्षूनं भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये बांधलेला. हा माणूस चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला अन् इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत असं लिहून गेला. चीनमधल्याच लुओयांगच्या श्वेताश्व मंदिराच्या आवारात भारतीय पद्धतीचं बौद्ध मंदिर आहे, त्याचं उद्घाटन २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी केलं, ज्या आधी आपल्या अमरावतीच्या खासदार होत्या. अन् १९३८ मध्ये डॉ. कोटणिसांसह चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणिसांची समाधी चीनचे लोक आजही सांभाळतात. आपल्या शाळांत चोळकरांचं नाव तरी घेतात का?

माझं मागणं फार मोठं नाही. मनसरच्या विटांवर पाऊस पडतो, जिथं गरज आहे तिथं तरी छप्पर घाला. दिल्लीतल्या मूर्तीची चांगली प्रतिकृती इथं ठेवा. मनसर-रामटेकच्या शिकलेल्या पोरापोरींना ट्रेनिंग द्या अन् माहिती सांगायला बसवा, त्यांना रोजगारही मिळेल. अन् शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात, त्या गडावर येतातच, मुख्याध्यापकांनी बस परतताना दोन तास मनसरला थांबवावी. त्याला तर कोणाची मंजुरीही लागत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक, ता. रामटेक, जि. नागपूर