ते २७ फोटो

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच ठेवला, मान्य. "आई, जुन्या डिस्कवरच्या ३१,४८२ फोटोंपैकी ३१,४५५ आले की! २७ फोटोंसाठी डोकं खाऊ नकोस," असं तू म्हणालीस आणि माझा आवाज चढला. फोनवर आपलं हे असंच होतं, म्हणून लिहून काढते. पत्रास कारण एवढंच की जुनी डिस्क शनिवारी पुसू नकोस. निखिलला हवी असेल तर थांबेल तो महिनाभर.

विंडोज सोडलंस याबद्दल माझी काही तक्रार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबले. आपल्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. चांगलं चालतं यंत्र भंगारात न काढता नवी एसएसडी डिस्क बसवलीस, विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलंस, जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडलीस. दुकानात न जाता. ताईंना मी दोनदा सांगितलं, त्यांना कळलं नाही तरी सांगितलं.

पण २७.

आधी एक बघ, दोन्ही आकडे तू मिंटमध्येच घेतलेस का? विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल आणि फोल्डर वेगळे मोजलेले दिसतात. मिंटचा फाइल-मॅनेजर नेमो फोल्डरही 'आयटम' म्हणून त्याच बेरजेत धरतो. एक आकडा इकडचा आणि एक तिकडचा असेल तर तुलनाच चुकीची. दोन्ही नेमोचे असतील तर मात्र तूट खरी आहे. आणि मला वाटतं ती खरीच आहे, कारण कॉपी चालू असताना एक चौकट आली आणि तू 'स्किप ऑल' दाबलंस असं तूच बोलता बोलता म्हणालीस. त्या बटणानंतर नेमो पुढच्या चुका विचारत नाही, गुपचूप सोडून देतो.

कुठले राहिले हे डोळ्यांनी शोधत बसू नकोस. टर्मिनल उघड आणि आरसिंकला, म्हणजे दोन फोल्डर ताडून कॉपी करणाऱ्या आज्ञेला, काम दे. पर्याय ए, व्ही आणि एन. ए म्हणजे तारखांसकट सगळं जसंच्या तसं, व्ही म्हणजे बोलून दाखव, एन म्हणजे नुसतं सांग, करू काही नकोस. आधी जुन्या डिस्कवरच्या फोटो-फोल्डरचा पत्ता, मग नव्याचा. पहिल्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. ती विसरलीस तर आरसिंक फोल्डरात फोल्डर समजतो आणि ३१ हजार नावं ओळीने 'नाहीत' म्हणून दाखवतो. मग घाबरून मला फोन करशील. जे उमटेल ते सगळं टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवून सेव्ह कर. आधी यादी, मग बाकीचं.

त्या यादीत 'फाइल नेम टू लाँग' असा शेरा दिसला तर ते फोटो अण्णांचे.

हे असं का होतं ते सांगते, म्हणजे आई उगाच घाबरते असं वाटणार नाही. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर एका नावात २५५ अक्षरचिन्हं बसतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ मांडणीच्या डिस्कवर बसतात २५५ बाइट. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा फरक जन्मात कळत नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे मराठी नावाला ८५ चिन्हांपुढे दार बंद. अण्णा तर फोटोच्या नावातच अख्खी हकिकत लिहायचे. हे घे:

'दिवाळी २००६ पाडवा सकाळ मनू मांडीवर झोपलेली हातात अर्धा चिरोटा मागे खिडकीत ताईंचा आकाशकंदील अजून विझवायचा राहिलेला'

मी मोजलं. ९७ चिन्हं, त्यांचे २९१ बाइट, मधल्या १६ मोकळ्या जागा, वर टिंब आणि जेपीजीचे ४. एकूण ३११. विंडोजला यात काहीच वावगं वाटलं नाही, मिंट ही फाइल घेणार नाही. फोटो खराब नाही, डिस्क खराब नाही. नाव मोठं, एवढाच गुन्हा.

तू म्हणशील, घरी अण्णांची सीडी आहे की. आहे, काल रात्री लावून बघितली. पण सीडीवर नावं जोलिएट पद्धतीने लिहिली जातात आणि तिथे मर्यादा ६४ चिन्हांची, टिंब-जेपीजी धरून. त्यामुळे सीडीवर हा फोटो 'हातात अर्धा चिरोट' इथे तुटतो. चिरोट्याचा कानासुद्धा गेला. पुढचं मला पाठ आहे म्हणून वर लिहिता आलं. अशी मध्येच तुटलेली नावं सीडीवर २३ आहेत आणि बाकीची मला पाठ नाहीत. पूर्ण नावं आता फक्त त्या जुन्या डिस्कवर आहेत. शनिवारी जी निखिलला जाणार आहे तिच्यावर.

आणि 'पुसली तरी रिकव्हर करता येतं' हे कालचं तुझं वाक्य. फिरत्या डिस्कचं क्विक फॉरमॅट केलं आणि त्यावर नवं काही लिहिलं नाही, तर पुसलेलं शोधणारा फोटोरेक हा प्रोग्रॅम फोटो बरेचसे परत काढतो, खरं आहे. पण फोटोरेक फाइलच्या आतल्या खुणा बघून तुकडे ओळखतो, डिस्कची अनुक्रमणिका वाचत नाही. त्यामुळे नावं येत नाहीत. एफ आणि पुढे सात-आठ आकडे, अशा नावांची हजारोंची रास येते. फोटो मिळतील गं. ती खिडकी, तो कंदील, ते 'अजून विझवायचा राहिलेला' कुठून मिळणार?

पुन्हा तेच बोलत बसले. नको म्हटलं तरी गाडी तिथेच येते.

आता करायचं काय ते. जुन्या डिस्कवर काहीही लिहू नकोस, नाव बदलायलासुद्धा नको. 'फास्ट स्टार्टअप' चालू असलेलं विंडोज नीट बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशी डिस्क लिनक्स बऱ्याचदा नुसती वाचायला उघडतं किंवा उघडायलाच नकार देतं. तुझी नुसती वाचायला उघडली असेल तर उत्तमच, बळजबरीने दुरुस्त करू नकोस. यादीतला एकेक फोटो टर्मिनलमधून सीपी या कॉपीच्या आज्ञेने आण. मूळ नावाचे पहिले दोन शब्द टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव आपोआप भरतं. लक्ष्याचं नाव आखूड दे, '२००६-१० पाडवा ०१' असं. वर्ष आधी, मग महिना, म्हणजे नावाने लावलं तरी काळाने लागतं. पूर्ण मूळ नाव यादीतून उचलून डिजिकॅम या फोटो लावायच्या प्रोग्रॅममध्ये त्या फोटोच्या कॅप्शनमध्ये चिकटव. तिथे लांबीची अडचण येत नाही.

फक्त त्याआधी डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा या पानावर जा आणि कॅप्शन व टॅग फाइलमध्ये लिहायची खूण आहे का ते बघ. नसेल तर तू लिहिलेलं सगळं डिजिकॅमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतं आणि पुढच्या वेळी यंत्र बदललं की आपण पुन्हा इथेच. शॉटवेल या तशाच प्रोग्रॅममध्येही तेच, तिथेही ती खूण प्रेफरन्सेसमध्ये शोधावी लागते. डेटाबेसची फाइल एसएसडीवरच ठेव, बाहेरच्या डिस्कवर रखडते.

यादीत २७ पैकी दोन-चार वेगळेच निघाले तर ते वनड्राइव्हचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातले असू शकतात. ज्या फाइलपुढे विंडोजमध्ये ढगाचं चिन्ह असतं ती डिस्कवर नसतेच, नुसती पाटी असते. लिनक्समधून ती तुटक्या दुव्यासारखी दिसते. अशांसाठी ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून उतरवून घे.

पिकासाचं विसरू नकोस. गूगलने ते फोटोंचं सॉफ्टवेअर २०१६मध्ये बंद केलं, पण अण्णांनी शेवटपर्यंत वापरलं. चेहऱ्यांना दिलेली नावं पिकासा फोटोत लिहीलच असं नाही, बरीचशी प्रत्येक फोल्डरातल्या लपलेल्या पिकासा-आयएनआय फाइलमध्ये ठेवतं. 'नेम टॅग फोटोत साठवा' असा पर्याय आहे, पण तो पिकासामध्ये जाऊन द्यावा लागतो आणि पिकासा आहे जुन्या डिस्कवरच्या विंडोजमध्ये. म्हणजे डिस्क परत लॅपटॉपमध्ये घालून एकदा विंडोज सुरू करावं लागेल. तेही इंटरनेट बंद ठेवून, आणि आधी सगळ्याची दुसरी प्रत झाल्यावरच. आणखी एक. कापलेल्या किंवा उजळलेल्या फोटोंचे मूळ पिकासा त्याच फोल्डरात टिंबाने सुरू होणाऱ्या 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या फोल्डरात ठेवतं. टिंबाने सुरू होणारं सगळं लिनक्समध्ये लपलेलं असतं, कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. तू अख्खे फोल्डर ओढले असशील तर हे आपोआप आलं. आत शिरून कंट्रोल-ए करून ओढलं असशील तर त्या पातळीवरचं लपलेलं मागे राहिलं. सावंतवाडीच्या फोटोतून मोहनकाकांना कोणी कापलं ते मी विचारत नाही, पण मूळ फोटो तिथेच आहे.

बाकीचं लावणं सावकाश कर, घाई कशालाच नाही. वर्षांचे फोल्डर, आत महिना आणि गाव, बस्स. फार बारीक फोल्डर केलेस की एक फोटो दोन ठिकाणी हवासा वाटतो आणि प्रती वाढतात. माणसं आणि प्रसंग टॅगमध्ये जाऊ देत. फाइलच्या तारखेवर विसंबू नकोस, ती कॉपी करताना बदलू शकते. फोटोच्या आत एक्झिफ या लपलेल्या नोंदीत जी काढल्याची तारीख असते ती खरी धर. एक्झिफटूल हे साधन त्याच तारखेवरून फोल्डर लावून देतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ती नसते, वाटेत गळते. अँड्रॉइडवर नावातला आठ आकडी भाग हीच काय ती तारीख, आणि तीही फोटो आल्याची, काढल्याची नव्हे. जुन्या कॅमेऱ्याचे सेल काढले की घड्याळ मागे जायचं, म्हणून गणपतीचे फोटो जानेवारीत सापडतील. एका फोटोची खरी वेळ माहीत असली की फरक काढून त्या अख्ख्या गठ्ठ्याला तेवढीच सरक द्यायची. एक्झिफटूल प्रत्येक फाइलची मूळ प्रत 'ओरिजिनल' शेपूट लावून बाजूला ठेवतं, आकडा एकदम दुप्पट झाला तर दचकू नकोस.

सारखे फोटो काढून टाकणं सगळ्यात शेवटी. बाइटन्‌बाइट सारखे आणि दिसायला सारखे हे दोन वेगळे शोध आहेत, दुसऱ्यात आपोआप पुसायचं बटण दाबू नकोस. व्हॉट्सॲपची दाबलेली प्रत राहायची आणि मूळ जायचं.

पुन्हा शिकवणी झाली. तुझं रोजचं कामच लिनक्सवर आहे आणि मी तुला टॅब दाबायला शिकवते आहे. राग मानू नकोस.

पण दुसरी प्रत. आत्ता जुनी डिस्क आणि नवी एसएसडी मिळून दोन आहेत. शनिवारनंतर एकच, तीही २७ कमी. एक टीबीची पोर्टेबल डिस्क घे, पैसे मी पाठवते, नाही म्हणू नकोस. फक्त मिंटलाच जोडणार असशील तर ईएक्सटी४ कर. इथे आणून माझ्या विंडोजला जोडायची असेल तर एक्सफॅट, मात्र मग नावांत विसर्ग किंवा कोलनसारखं काही टाकताना जपून. विसर्ग चालतो, कोलन एक्सफॅटला चालत नाही आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आरसिंकने भर, मग सी हा पर्याय जोडून पुन्हा चालव, म्हणजे तो आकार-तारखेवर न जाता आतला मजकूर ताडून बघेल. डिस्क काढताना इजेक्ट दाबून 'काढायला हरकत नाही' येईपर्यंत थांब. पट्टी शंभरावर पोचली तरी लिनक्सने बरंचसं अजून मेमरीतच धरलेलं असतं. ती भरलेली डिस्क दिवाळीला येताना इकडे आण, माझ्या कपाटात राहील. एक प्रत वेगळ्या गावी असलेली बरी.

मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं साधन आहे, त्यात जुन्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे तिच्या तब्येतीचा अहवालही बघून घे. 'पेंडिंग सेक्टर' म्हणजे नीट वाचता न आलेले भाग, त्यापुढे शून्याशिवाय दुसरं काही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी अण्णांचे फोल्डर काढ.

शनिवारी निखिल आला तर त्याला चहा दे, पोहे दे. डिस्क देऊ नकोस. माझं नाव सांग, म्हणावं मावशीने अडवलंय.

तुझी,
आई

ता. क. सीडीवरची तुटलेली नावं २३, तुझे राहिलेले २७. तुटलेली सगळी ८५च्या वर असतीलच असं नाही, पण तशी धरली तरी ४ उरतात. ते कोणते ते यादीत दिसलं की कळव. रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असते.