ऑगस्टातल्या पाण्याची रेघ

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

मे संपायच्या आत संडासाची टाकी उपसून घ्याच. आत्ता पवना धरणाचं पाणी कुंपणापासून बरंच खाली गेलं असेल, पण ऑगस्टात ते जिथं येऊन टेकतं ती रेघ खरी. शोषखड्ड्याचं अंतर तिथूनच धरायचं. धरण भरलं की काठची जमीनही पाण्याने भरते. मग खड्ड्यातलं पाणी मुरत नाही, न गाळता तसंच धरणात उतरतं.

गाळ किती साठलाय ते कळायला लांब बांबूच्या टोकाला जुना पांढरा पंचा गच्च गुंडाळा. पहिल्या कप्प्यात तळापर्यंत सावकाश सोडा, तीन-चार मिनिटांनी काढा. पंचा जेवढ्या उंचीपर्यंत काळाकुट्ट, तेवढा गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शावर गेला असेल तर मैला उपसणारी गाडी बोलवा, पावसात ती चिखलात रुतेल. बाबा, झाकण तासभर उघडं ठेवा, वर वाकू नका. आतला वायू जीव घेतो. माणूस तर उतरवूच नका, 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मैला कुठे रिकामा करणार हेही गाडीवाल्याला विचारा. ओढ्यात ओतला तर सगळं मुसळ केरात. उपसल्यावर लगेच साधं पाणी भरा. आपली टाकी प्लास्टिकची. रिकामी राहिली तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी तिला वर उचलतं आणि पाइप निखळतात.

आई, संडासात ॲसिड, फिनेल ओतू नकोस. मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ब्रश आणि थोडा साबण पुरे.

बागेला डीएपी खत अजिबात नको. त्यात 46 टक्के फॉस्फेट असतं. ते मातीला चिकटतं आणि पहिल्या सरींच्या लाल गढूळ पाण्याबरोबर धरणात जातं. एक किलो फॉस्फरसवर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जातं! हेच पाणी पुढे रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं, म्हणून एवढी कळकळ.

ही माती अडवायला उताराला आडवी वाळ्याची ओळ लावू. रोपांत 10 ते 15 सेंटिमीटरच अंतर. मध्ये फट राहिली तर पाणी नेमकं तिथूनच घुसून घळ पाडतं. ओळीखालचं गवत कापू नका. वाळ्याची रोपं मी जूनच्या पहिल्या आठवड्यात आणते. गाडी ठरली की तारीख कळवा.

तुमची,
लेक