चार दिव्यांचं गाव

ओमाहा (नेब्रास्का, अमेरिका), ऑक्टोबर 2021

प्रिय आई-बाबा,

सोमवारी फोन का लागला नाही म्हणून आई विचारत होती ना, तर त्या दिवशी सुट्टी होती आणि मी गाडी काढून मोनोवी नावाच्या गावी गेले होते. इथून तीन-चार तास लागतात. सगळा माळ, गवताच्या गोल गुंडाळ्या पडलेल्या, मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, आणि मग रस्त्याच्या कडेला हिरवी पाटी येते, मोनोवी, लोकसंख्या 1.

खरंच एकच माणूस राहतं तिथे. एल्सी आयलर नावाच्या बाई, ऐंशी कधीच ओलांडलेल्या. 1902 मध्ये रेल्वे आली म्हणून हे गाव वसलं, 1930 च्या दशकात दीडशेच्या आसपास लोक होते, मग शेती मशीनवर गेली, पोरं शहरात गेली, 1967 ला पोस्ट बंद झालं, 1974 ला शाळा. शेवटी एल्सी आणि त्यांचे मिस्टर रूडी दोघंच उरले आणि 2004 मध्ये रूडीही वारले. आता एल्सीबाईच गावच्या महापौर, क्लार्क, खजिनदार सगळं काही, आणि गावातलं छोटं हॉटेल-बारसुद्धा त्याच चालवतात, लांबलांबचे शेतकरी तिथे जेवायला येतात. सोमवारी ते बंद असतं हे मला आधी कळायला हवं होतं, त्यामुळे भेट काही झाली नाही.

बाबा, शेजारी एक छोटी शेड आहे, ती रूडींची लायब्ररी. जवळपास पाच हजार पुस्तकं जमवली होती त्यांनी, गावासाठी लायब्ररी काढायची फार इच्छा होती, पण ते आधीच गेले आणि मग बाईंनी ती उभी केली. त्या बंद दारापुढे मी बराच वेळ उभी होते.

2020 च्या जनगणनेत तिथे 2 माणसं दाखवलीत. कुणाची खाजगी माहिती ओळखता येऊ नये म्हणून जनगणनेवाले आकड्यात मुद्दाम थोडा फरक करतात म्हणे. आई, तुला सांगते, तो 2 वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं ग.

पण जे सांगायला बसले ते वेगळंच. गावात चार स्ट्रीटलाईट आहेत, त्यांच्यासाठी एल्सीबाई दरवर्षी साधारण पाचशे डॉलर टॅक्स स्वतःकडूनच गोळा करतात. निघताना अंधार पडला आणि ते दिवे लागले तेव्हा मला एकदम आपली वाडी आठवली, बाबा तुम्ही हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिन्हीसांजेला बंद घरांच्या पडवीतला एकेक बल्ब लावत जाता ते. अकरा घरांतली तीनच उघडी, बाकीचे सगळे मुंबईला, गणपतीपुरते येणारे, आणि मी मागच्या वेळी तुमच्यावर चिडले होते की कशाला हा उपद्व्याप, पाय घसरला म्हणजे. चुकलंच माझं.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहायला जाण्याचा विषय मी आता काढणार नाही. फक्त विहिरीकडच्या पायऱ्यांना कठडा करून घ्या, गवंड्याचे पैसे आजच पाठवते, आणि बॅटरी घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मे महिन्यात येतेय तेव्हा चांगले एलईडी बल्ब घेऊन येईन, आठ लागतील ना? जाड पिनचे की साधे ते बघून कळवा.

तुमची,
मनू